सिरियलवरून आलेला मजकूर संख्येत कसा बदलायचा? – आर्डुइनो आणि धानाचा काटा



आर्डुइनोचा बोर्ड हातात आला की पहिल्या दिवशी एलईडी लुकलुकतो. दुसऱ्या दिवशी बझर वाजतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी सिरियल मॉनिटर उघडून त्यात ५ टाइप करतो, सेंड दाबतो, आणि स्क्रीनवर येतं ५३. मग तो २५ टाइप करून बघतो, तर खाली एकामागे एक ५० आणि ५३ असे दोन आकडे येतात, आणि कधी त्यांच्या मागे एक १० सुद्धा. बोर्ड खराब आहे, असा निष्कर्ष वर्गात लगेच निघतो. बोर्ड खराब नसतो. तुम्ही जे पाठवलं ते त्यानं अगदी बरोबर वाचलेलं असतं. तुम्ही संख्या पाठवलीच नव्हती, अक्षर पाठवलं होतं.

आजचा पाठ एवढ्याच विषयावर आहे: सिरियलवरून येणाऱ्या अक्षरांची संख्या कशी करायची. उदाहरण मात्र आपल्या दारातलं घेऊ.

आपला गोंदिया जिल्हा धानाचा. मळणी झाली की धान बारदान्यात भरून खरेदी केंद्रावर जातं, कट्टा इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढतो आणि लाल आकडे उमटतात. यातल्या बऱ्याच काट्यांच्या डिस्प्लेमागे एक नऊ पिनांचं सॉकेट असतं. काटा दिसणारं वजन त्या सॉकेटमधून सतत बाहेर पाठवत असतो, आणि तेही मजकूर म्हणून. राइस मिलमधल्या ट्रकच्या धर्मकाट्यावरून कॉम्प्युटरवर वजन येतं ते याच रस्त्यानं. आता विज्ञान प्रदर्शनासाठी असं मॉडेल करायचं ठरवा: ही ओळ आर्डुइनोनं वाचायची, वजन आणि रक्कम काढायची आणि दुरून शेतकऱ्याला दिसेल अशा मोठ्या आकड्यांत दाखवायची. ज्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे तिथं यासाठी लागणारं सामान बहुतेक असतंच.

सर्किट सोपं आहे. पण मजकुराची संख्या करताना जी चूक होते ती इथं थेट रुपयांत दिसते, म्हणून हे उदाहरण मला आवडतं. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३०० रुपये होता, म्हणजे किलोला २३ रुपये. ४० किलोचा कट्टा ९२० रुपयांचा. हे आकडे लक्षात ठेवा, पुढं लागतील.

(एक सूचना: फंक्शनची नावं मी इथं उच्चाराप्रमाणे मराठीत लिहितो आहे. प्रोग्रॅममध्ये ती अर्थात इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.)

५३ कुठून आला?

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, त्याला फक्त आकडे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देऊन ठेवला आहे. १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या या यादीचं नाव आस्की. त्यात इंग्रजी शून्य या चिन्हाचा क्रमांक ४८, एकचा ४९, आणि असं करत नऊचा ५७. तुम्ही कीबोर्डवर पाच दाबलं की तारेतून ५३ जातो. ५३ वजा ४८ बरोबर ५. झालं! दहा चिन्हं ओळीनं आणि सलग ठेवली असल्यामुळे एका वजाबाकीत काम होतं.

४८ हा क्रमांकही उगाच निवडलेला नाही. तो बायनरीत लिहून बघा: ०११००००. पाचचा लिहा: ०११०१०१. शेवटचे चार बिट बघा, ०१०१ म्हणजे पाच. चिन्हाच्या पोटातच त्याची किंमत लिहून ठेवली आहे.

एका अंकाचं झालं. आता चार अंकांचं. तारेतून ४, ०, २, ५ अशी चार चिन्हं एकामागे एक येतात. पुढं अजून किती येणार हे बोर्डाला माहीत नसतं. पहिला ४ आला तेव्हा तो चार आहे, चाळीस आहे की चार हजार, हे तो सांगू शकत नाही. मग करायचं काय? हातात एक डबा ठेवायचा, सुरुवातीला त्यात शून्य. नवा अंक आला की डब्यातली संख्या दहानं गुणायची आणि नवा अंक मिळवायचा. डब्यात क्रमानं दिसेल: ४, मग ४०, मग ४०२, मग ४०२५. दहानं गुणलं की आधीचा प्रत्येक अंक एक घर डावीकडे सरकतो. एककचा दशक होतो, दशकचा शतक. तिसरीत शिकलेली स्थानिक किंमत ती हीच, नवीन काही नाही.

इथं मराठी मुलांना एक गंमत जाणवते. आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा पाच आधी येतो, वीस मागून. ‘त्रेचाळीस’मध्ये तीन आधी. सिरियलवर उलट: आधी चार, मग तीन. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’, ‘चाळीस तीन’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला होता, तो तुमच्या घरी आठवत असेल. त्या वादात मी पडत नाही. पण तार मात्र ‘चाळीस तीन’ म्हणते, हे पक्कं ध्यानात ठेवा.

संख्या संपली हे कुणी सांगायचं?

खरी अडचण गुणाकारात नाही, थांबण्यात आहे.

आपली सिरियल बहुधा ९६०० बॉड वेगानं चालते. एका अक्षरामागे एकूण दहा बिट जातात (एक सुरुवातीचा, आठ माहितीचे, एक शेवटचा), म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. दोन अक्षरांमध्ये साधारण एक मिलिसेकंद. आपल्याला हे झटपट वाटतं. पण उनोवरचा प्रोसेसर १६ मेगाहर्ट्झवर चालतो, एका अक्षराच्या वेळात त्याचे सुमारे १६,६०० ठोके होतात. त्याच्या दृष्टीनं ही अक्षरं बैलगाडीनं येतात!

म्हणून बहुतेक मुलं पहिल्यांदा लिहितात तो प्रोग्रॅम फसतो. ‘सिरियल.अव्हेलेबल शून्यापेक्षा मोठं आहे तोवर वाचत राहा, संपलं की संख्या तयार’ असं ते लिहितात. ४ आला, वाचला. बोर्ड पुन्हा बघतो तर पुढचं अक्षर अजून वाटेत आहे. अव्हेलेबल शून्य. बोर्ड म्हणतो, संपली संख्या, चार! मग ० येतो, ती दुसरी संख्या. ४० किलोच्या जागी एकदा ४ आणि एकदा ०. कुणी यावर उपाय म्हणून मध्ये दहा मिलिसेकंदांचा डिले घालतात. चालतं, पण ते नशिबानं. वेग बदलला, काटा बदलला, की पुन्हा तेच.

अक्षर आलं नाही याचा अर्थ संख्या संपली असा होत नाही. संपलं हे पाठवणाऱ्यानं सांगायचं असतं आणि त्यासाठी ओळ संपल्याचं चिन्ह आहे: न्यूलाइन, क्रमांक १०. काही ठिकाणी त्याच्या आधी कॅरेज रिटर्न येतो, क्रमांक १३. तुमच्या स्क्रीनवर आगंतुकासारखा आलेला १० तो हाच. सिरियल मॉनिटरमध्ये एक छोटी यादी असते, ‘नो लाइन एंडिंग’, ‘न्यूलाइन’ वगैरे. तिथं ‘न्यूलाइन’ निवडा. प्रोग्रॅमला सांगा: १३ दिसला तर सोडून दे, १० दिसला की संख्या पूर्ण झाली, तोवर वाट बघ. वाट बघ म्हणजे अडून बसायचं नाही बरं का. लूपच्या प्रत्येक फेरीत एखादं अक्षर आलंय का ते बघायचं, आलं असेल तर डब्यात टाकायचं, नसेल तर बाकीची कामं करायची.

अव्हेलेबल न बघता सरळ सिरियल.रीड केलं तर? काही आलेलं नसेल तेव्हा ते वजा एक देतं. त्यातून ४८ वजा केले की वजा ४९. डिस्प्लेवर –४९ दिसला की हा रोग ओळखावा.

तयार फंक्शन आहेत ना?

आहेत. सिरियल.पार्सइंट आहे, स्ट्रिंगचं टूइंट आहे, सी भाषेतली एटूआय आणि एटूएल आहेत. वापरा, पण त्यांच्या सवयी ओळखून वापरा.

पार्सइंट डीफॉल्टनं एक सेकंद वाट बघतं. त्या वेळात अंक आला नाही तर शून्य देतं. म्हणजे काट्यानं खरंच शून्य पाठवलं की तार निसटली, दोन्ही वेळा उत्तर तेच. टूइंटचंही तसंच, ‘अबक’ दिलं तरी शून्य. काट्याच्या बाबतीत हे मला अजिबात चालणारं वाटत नाही. रिकामा काटा आणि तुटलेली तार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि डिस्प्लेवर त्या वेगळ्या दिसायला हव्यात.

त्याहून वाईट गोष्ट दशांश चिन्हाची. टूइंट अंक नसलेलं चिन्ह दिसलं की तिथंच थांबतं. ४०.७५ दिलं की ४० हातात, पाऊण किलो गायब. पाऊण किलो म्हणजे १७ रुपये २५ पैसे. ५० कट्टे असतील तर ८६२ रुपये ५० पैसे. आणि ही चूक कधी इकडे कधी तिकडे होत नाही, दर वेळी विकणाऱ्याच्याच खिशातून जाते.

मग कुणी हुशार विद्यार्थी पार्सइंट दोनदा बोलावतो. पहिल्यांदा ४० मिळतात, मधलं टिंब ते आपोआप ओलांडतं, दुसऱ्यांदा ७५. छान! पण ४०.०५ आलं तर? दुसऱ्यांदा ०५ चे ५ होतात, समोरचं शून्य हरवतं, आणि हा मुलगा ४० आणि ५ जोडून ४०.५ लिहितो. पन्नास ग्रॅमचे पाचशे ग्रॅम झाले. ४०.७५ वर तपासलेला प्रोग्रॅम शंभर वेळा बरोबर चालेल आणि ४०.०५ वर फसेल.

‘मग पार्सफ्लोट वापरू’ असंही कुणी म्हणेल. उनोवर फ्लोट चार बाइटचा असतो, त्यात सहा-सात अंकच विश्वासाचे. एका कट्ट्याला पुरतात. पण हंगामभराची बेरीज करत गेलात की शेवटचे पैसे डळमळू लागतात. पैशांचा हिशेब फ्लोटमध्ये करू नये, हे माझं ठाम मत आहे.

सोपा मार्ग असा. टिंब दिसलं की ते डब्यात घालायचंच नाही, फक्त लक्षात ठेवायचं की टिंब येऊन गेलं, आणि नंतर किती अंक आले ते मोजायचं. ४०.२५ ची संख्या होईल ४०२५. हे वजन दहा-दहा ग्रॅमच्या एककात झालं. ४०.०५ चे ४००५ होतील, शून्य आपल्या जागी राहील. टिंबानंतर बरोबर दोन अंक आले नाहीत तर ती ओळ नाकारायची. भावही पैशांत घ्यायचा, किलोला २३०० पैसे. ४०२५ गुणिले २३०० म्हणजे ९२,५७,५००. त्याला १०० नं भागलं की ९२,५७५ पैसे, म्हणजे ९२५ रुपये ७५ पैसे. टिंब फक्त दाखवताना घालायचं.

डबा केवढा?

उनोवर साधा इंट दोन बाइटचा असतो. त्यात –३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंतच्याच संख्या मावतात. कुणी वजन ग्रॅममध्ये ठेवायचं ठरवलं, तर ४० किलोच्या कट्ट्याचे ग्रॅम ४०,०००. मावत नाहीत. डिस्प्लेवर येतं –२५,५३६. हा आकडा कुठून आला? ४०,००० मधून ६५,५३६ वजा करा. ३० किलोपर्यंत सगळं ठीक चालतं आणि भरलेला कट्टा ठेवला की वजन उणे! वर्गात एक किलोची पुडी ठेवून तपासलं तर ही चूक कधीच सापडणार नाही.

म्हणून लाँग वापरा. तो चार बाइटचा, दोनशे चौदा कोटींच्या पुढं जातो. एक खोच मात्र आहे. ४०२५ इंटमध्ये आणि २३०० इंटमध्ये असेल, तर उत्तर लाँगमध्ये ठेवलं तरी गुणाकार आधी इंटमध्येच होतो आणि तिथंच बिघडतो. निदान एक तरी संख्या गुणण्याआधी लाँग असायला हवी.

मराठी पाच पाठवला तर?

हा प्रश्न इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही, पण आपल्याकडे हमखास येतो. मोबाइलवर मराठी कीबोर्ड चालू असतो, ब्लूटूथनं बोर्डाला ५ पाठवला जातो, आणि बोर्डाला एका ऐवजी तीन आकडे मिळतात: २२४, १६५, १७१. आस्कीत मराठी अंक नाहीत. ते युनिकोडमध्ये आहेत आणि यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पण इथंही दहा अंक सलगच आहेत. पहिले दोन बाइट २२४ आणि १६५, तिसरा शून्यासाठी १६६ आणि नऊसाठी १७५. म्हणजे २२४, मग १६५, मग १६६ ते १७५ मधला बाइट आला तर त्यातून १६६ वजा करा. १७१ वजा १६६ बरोबर ५. बाकी दहानं गुणण्याचा भाग जसाच्या तसा. तीन ओळी जास्त लिहिल्या की तुमच्या यंत्राला मराठी आकडे वाचता येतात. स्क्रीनवर –३२, –९१, –८५ असं दिसलं तर घाबरू नका, तेच तीन बाइट तुम्ही चिन्हासहित असलेल्या कॅर प्रकारात ठेवले आहेत. प्रत्येकात २५६ मिळवून बघा.

आता काट्याची ओळ

प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, त्यामुळे काट्यासोबतचं पुस्तक आधी वाचायचं. बऱ्याच काट्यांची ओळ अशी असते: आधी ‘एसटी’ किंवा ‘यूएस’ ही दोन अक्षरं, स्वल्पविराम, मग ‘जीएस’, पुन्हा स्वल्पविराम, अधिक किंवा उणे चिन्ह, पुढं शून्यं भरून ठरावीक रुंदीचं वजन आणि शेवटी ‘केजी’. यातलं पहिलं अक्षर सर्वांत मोलाचं. ‘एसटी’ म्हणजे काटा स्थिर झाला, ‘यूएस’ म्हणजे कट्टा अजून हलतो आहे. हमाल कट्टा टाकतो त्या धक्क्याला काटा क्षणभर जास्त वजन दाखवतो. स्थिर नसलेली ओळ वजन म्हणून घ्यायचीच नाही.

दुसरी गोष्ट, तुम्ही बोर्ड चालू करता तेव्हा काटा आधीच बोलत असतो. तुमच्या हातात पहिली ओळ अर्धी येते. ४०.२५ मधला ४ निघून गेलेला असू शकतो, उरतं ०.२५. दिसायला अगदी खरं वजन! म्हणून पहिलं न्यूलाइन येईपर्यंतचं सगळं टाकून द्या. त्यापुढच्या प्रत्येक ओळीची लांबी मोजा. ठरलेल्या लांबीपेक्षा एक अक्षर जरी कमी असेल तर ती ओळ नको. बोर्डाच्या आतली सिरियलची साठवण ६४ बाइटांची आहे. प्रोग्रॅममध्ये कुठं एक सेकंदाचा डिले घातला आणि काटा सेकंदाला दहा ओळी पाठवत असेल, तर जागा भरल्यावर आलेली अक्षरं गळून जातात आणि ओळी मधूनच तुटतात. लांबी मोजली की हेही पकडलं जातं.

ओळ नाकारली तर डिस्प्लेवर शून्य दाखवू नका, जुनं वजनही धरून ठेवू नका. आडव्या रेघा दाखवा. बघणाऱ्याला कळू द्या की आत्ता वजन मिळालेलं नाही.

जोडणीबद्दल दोनच गोष्टी, पण त्या न पाळल्यास बोर्ड जळेल. काट्याच्या नऊ पिनी सॉकेटवर आरएस-२३२ चे सिग्नल असतात. ते उणे व्होल्टेजमध्येही जातात आणि १५ व्होल्टपर्यंत जाऊ शकतात. आर्डुइनोच्या पिनेला ० ते ५ व्होल्टच चालतात. मध्ये मॅक्स-२३२ ची छोटी पट्टी लावायचीच. आणि खरेदी केंद्रावरच्या चालू काट्याला हात लावायचा नाही. तो वैधमापन विभागानं तपासून शिक्का मारलेला असतो. आपलं मॉडेल त्या वजनाची जागा घेऊ शकत नाही. शाळेत दुसरा आर्डुइनो घ्या आणि त्याच्याकडून काट्यासारख्या ओळी पाठवा, तेवढं पुरे. दोन्हींची ग्राउंड जोडायला विसरू नका.

घरी करून पाहा

दहानं गुणण्याचा प्रोग्रॅम स्वतः लिहा, तयार फंक्शन न वापरता. आधी वहीत ४०२५ साठी डब्यात काय काय दिसेल ते लिहून काढा. मग सिरियल मॉनिटरमधून पुढच्या गोष्टी एकेक करून पाठवा: ४०.२५, ४०.०५, ००४०.००, ४०.५, नुसतं टिंब, रिकामी ओळ, दोन टिंबांची ४०.२.५, उणे ०.०५, आणि मराठी कीबोर्डवरून ४०.२५. प्रत्येकाला यंत्रानं संख्या द्यायची की रेघा दाखवायच्या, हे पाठवण्याआधी पेन्सिलीनं लिहा, आणि पाठवल्यावर खरं काय आलं ते त्याच्या शेजारी पेननं. उणे ०.०५ बद्दल घरी विचारून या. रिकाम्या काट्यावर वारा लागला तर असं दिसतं की नाही, हे धान विकून आलेले तुमचे बाबा किंवा काका माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.